‘समजलं का?’ सोडा, हे सहा प्रश्न विचारा

स्वतःचा क्लास किंवा वर्कशॉप सुरू करायचंय? मग एक लक्षात ठेवा. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. घरी गेल्यावर मात्र हिशोब जमत नाही. फी वाया गेली असं वाटलं, की तुमची पुढची बॅच भरणं अवघड.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 1956 मध्ये विचारांच्या सहा पायऱ्या मांडल्या. 2001 मध्ये त्यात सुधारणा झाली. चकलीच्या कॉस्टिंगवर त्या लावून बघू. समजा, मजुरी धरून किलोला खर्च 300 रुपये आणि विक्री 400 रुपये.

1. आठवणे: खर्चात काय काय धरलं?
2. समजणे: स्वतःची मजुरी का धरायची?
3. वापरणे: दुकानदाराने विक्रीदरावर 20 टक्के मागितले, तर हातात किती उरेल? (फक्त 20 रुपये!)
4. विश्लेषण: कुठला खर्च नफा खातोय?
5. मूल्यमापन: दुकानात द्यावं की थेट विकावं? का?
6. निर्मिती: तुमच्या पदार्थाचा दर ठरवून दाखवा.

पहिल्या दोनवर थांबू नका, खरा धंदा तिसऱ्यापासून सुरू होतो. कोणी अडलं तर एक पायरी खाली या. प्रश्न विचारून निदान तीन सेकंद गप्प राहा. मेरी बड रो यांच्या संशोधनात एवढं थांबल्यावर मुलं जास्त सविस्तर उत्तरं देऊ लागली.

पुढच्या सेशनआधी तुमच्या विषयाचे सहा प्रश्न वहीत लिहून काढा. सहाव्याचं उत्तर विद्यार्थ्याने स्वतः दिलं, की समजा फी वसूल!