फरक छत्तीस हजारांचा

२०२१ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या सोसायटीच्या इमारतीला बाहेरून रंग द्यायचे ठरले होते आणि प्रत्येक सभासदाच्या वाट्याला अठ्ठेचाळीस हजार रुपये आले होते. मी चेक लिहिला, सेक्रेटरींच्या हाती दिला आणि विसरून गेलो. चार दिवसांनी ते तोच चेक घेऊन दारात उभे. "काका, तुमचा चेक परत आलाय," त्यांनी संकोचून सांगितले. सोबतच्या चिठ्ठीवर कारण होते : अक्षरी व आकडी रकमेत फरक. अक्षरात मी अठ्ठेचाळीस हजार लिहिले होते आणि आकड्यात ८४,०००.

अशी चूक कोणाच्याही हातून होते, असे वाचक म्हणतील. पण मी चौतीस वर्षे बँकेत काढली आहेत. कायद्याने अक्षरी रक्कम ग्राह्य धरतात, तरी व्यवहारात बँक असा चेक परतच करते, हे मी नव्या पोरांना शिकवत असे. आणखीही एक गोष्ट शिकवत असे. संध्याकाळी ताळा जुळला नाही, की आधी फरकाला नऊने भागून पाहायचे. निःशेष भाग गेला, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा. माझ्या चेकमधला फरक छत्तीस हजारांचा होता. नऊने भाग जात होता. आणि अशी अदलाबदल त्या उन्हाळ्यापासून माझ्या डोक्यात रोजच होत होती.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, मला कोविड झाला होता. ज्याला 'सौम्य' म्हणतात तसा. चार दिवस ताप, थोडा खोकला. हॉस्पिटलची पायरी चढावी लागली नाही. माणसे एका खाटेसाठी गावभर वणवण करत होती त्या दिवसांत आपण स्वस्तात सुटलो, असेच मला वाटले. वास तेवढा गेला होता. तो सहा आठवड्यांनी परतला, पण वेडावाकडा. हिंगाच्या फोडणीला जळक्या रबराचा वास येई. मग जूनपासून शब्द हरवू लागले. मी तेव्हा एका कादंबरीच्या सतराव्या प्रकरणात होतो. नायिकेच्या वडिलांचे नाव मला आठवेना. मीच ठेवलेले नाव! मागची पाने चाळून ते सापडे आणि पान उलटेपर्यंत पुन्हा निसटे. विळी, चाळणी असले घरगुती शब्द ओठांवर येऊन थांबत. दिवसाला चार पाने लिहिणारा मी अर्ध्या पानानंतर असा गळून जाई, की दुसरा दिवस अंथरुणातच जाई.

बी-१२ पाहिले, थायरॉइड पाहिले, मेंदूचा एमआरआय झाला. सगळे नॉर्मल. "साठी उलटली, चालायचंच," डॉक्टर म्हणाले. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही फार विचार करता." २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची साथ आली, तेव्हा ताप गेल्यावर कित्येक महिने माणसे गुडघे धरून जिने चढत होती. त्यांच्या गुडघ्यांवर कोणी अविश्वास दाखवला नाही. गुडघा दुखताना दिसतो. स्मरण दुखताना दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

या दुखण्याला नावसुद्धा रोग्यांनीच दिले. इटलीतल्या पुरातत्त्व संशोधक एलिसा पेरेगो यांनी मे २०२० मध्ये स्वतःच्या आजाराबद्दल लिहिताना 'लाँग कोविड' हे दोन शब्द प्रथम वापरले. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. कोविडनंतर साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, निदान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या निदानाने न उलगडणारी लक्षणे, असा तिचा आशय आहे. थकवा, धाप आणि विचारशक्तीवरचे धुके ही त्यांतली प्रमुख.

माझा एमआरआय नॉर्मल का आला, याचे उत्तर मला मार्च २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या अभ्यासात मिळाले. ५१ ते ८१ वयाच्या ७८५ माणसांच्या मेंदूची छायाचित्रे दोनदा घेतली होती. दोन छायाचित्रांच्या मधल्या काळात त्यांतल्या ४०१ जणांना कोविड होऊन गेला, बहुतेकांना सौम्यच. या मंडळींच्या मेंदूत गंधाशी आणि स्मरणाशी जोडलेल्या भागांची झीज इतरांपेक्षा ०.२ ते २ टक्के अधिक आढळली. एवढीशी झीज शेकडो माणसांची सरासरी काढल्यावरच दिसते. आदल्या वर्षीची शिल्लक ठाऊक नसताना यंदाची तूट कोण सांगणार? माझे आधीचे छायाचित्र कुठे होते?

फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने एक लाख बारा हजारांहून अधिक लोकांच्या चाचण्यांचा हिशेब मांडला. कोविड न झालेल्यांच्या तुलनेत बरे झालेल्यांची बुद्ध्यंकाच्या मापाने घट सुमारे तीन गुणांची, लक्षणे रेंगाळलेल्यांची सहा आणि अतिदक्षता विभागात राहून आलेल्यांची नऊ. त्यातच दिलाशाची एक नोंद होती : ज्यांची लक्षणे उशिरा का होईना, मावळली, त्यांची घट लवकर बरे झालेल्यांइतकीच लहान होती.

मग हे घडते कशाने? येथे मात्र बँकेतला जुना अनुभव आठवतो. मोठा फरक कधी कधी एकाच नोंदीचा नसतो. तीन-चार चुका मिळून तो बनतो. मेंदूतल्या सूक्ष्म पेशींपैकी काहींचे काम पहारा आणि झाडलोट. २०२२ मध्ये स्टॅनफर्ड आणि येलच्या संशोधकांनी उंदरांना केवळ श्वसनमार्गात सौम्य संसर्ग दिला. मेंदूत विषाणू नव्हता, तरी हे पहारेकरी आठवड्यांनंतरही खवळलेलेच होते आणि स्मरणाच्या केंद्रात नव्या पेशी कमी तयार होत होत्या. चोर गेला तरी पहारेकऱ्याने घरातलीच भांडी फोडत राहावे, तसा हा प्रकार. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने फेब्रुवारी २०२४ मध्ये दाखवले, की 'धुके' असलेल्या रुग्णांत रक्त आणि मेंदू यांमधली भिंत पाझरते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या शास्त्रज्ञांनी तिसरा धागा मांडला. आतड्यात विषाणूचे अवशेष राहतात, दाह चालू राहतो, त्यामुळे अन्नातले ट्रिप्टोफॅन नीट शोषले जात नाही. सेरोटोनिन त्यातूनच बनते, म्हणून रक्तातले तेही घटते आणि त्याचा परिणाम व्हेगस मज्जातंतूमार्फत स्मरणापर्यंत पोचतो. रक्तातल्या बारीक गुठळ्यांचाही संशय आहे. यांतले कोणते कारण कोणत्या रोग्यात, हे अजून ठरायचे आहे. बँकेच्या भाषेत ही रक्कम सध्या सस्पेन्स खात्यात आहे.

हमखास औषध अजून नाही. लस घेतलेल्यांत हा धोका कमी होतो, हे सिद्ध झाले आहे. झाल्यानंतर कामाचे तुकडे पाडायचे, दमण्याच्या आधी थांबायचे, एवढे आपल्या हाती. जोर लावून बरे होण्याचा माझा प्रयत्न मला दर वेळी आठवडाभर मागे नेत असे.

आता पुष्कळ बरा आहे. हिंगाला हिंगाचा वास येतो. कादंबरी मात्र सतराव्या प्रकरणातच थांबली आहे. बँकेत प्रत्येक व्हाउचरवर दोन सह्या असत. एकाने करायचे, दुसऱ्याने तपासायचे. घरातही मी तीच पद्धत आणली. चेक मी लिहितो, पत्नी तपासते. हा लेखही अकरा दिवसांत, अर्ध्या-अर्ध्या पानाने लिहिला. काल रात्री तिने चष्मा लावून यातला प्रत्येक आकडा तपासला आणि म्हणाली, "अहो, बाकी सगळं जुळतंय. पण त्या नायिकेच्या वडिलांचं नाव काय होतं?"

मी सांगितले. वही न उघडता.