रिपोर्ट आजार सांगतो, गुन्हेगार नाही

तिसऱ्या महिन्यातल्या तपासणीचा कागद हातात येतो. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर आणि खाली एक ओळ : 'व्हीडीआरएल – रिअ‍ॅक्टिव्ह'. बाहेर बाकावर सासूबाई थांबलेल्या असतात. घरी पहिला प्रश्न ठरलेला : "हे आणलं कुणी?" रक्ताची कुठलीच चाचणी त्याचं उत्तर देत नाही.

व्हीडीआरएल ही सिफिलिस, म्हणजे गरमीची, प्राथमिक चाचणी. मलेरिया किंवा ल्युपससारख्या आजारांत, कधी नुसत्या गरोदरपणामुळेही ती खोटी 'रिअ‍ॅक्टिव्ह' येऊ शकते. म्हणून टीपीएचएसारख्या दुसऱ्या चाचणीने खात्री करून घेतात.

आजार खरा निघाला, तरी तो कधीचा हे बहुतेकदा कळत नाही. 'ट्रेपोनेमा पॅलिडम' या मळसूत्री जंतूमुळे होणारी पहिली जखम दुखत नाही. बाईच्या बाबतीत ती गर्भाशयाच्या मुखावर असली तर दिसतही नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येते. जंतू मात्र वर्षानुवर्षं गुपचूप अंगात राहतो. तपासणी आधी बायकोची होते, म्हणून आजारही तिच्याच नावावर लागतो.

हा जंतू वारेतून बाळापर्यंत पोहोचतो. गर्भपात, मृत बाळाचा जन्म, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, जन्मजात सिफिलिस हे सगळं त्यातून घडू शकतं. उपाय मात्र जुना आणि स्वस्त आहे : बेन्झाथिन पेनिसिलिन. एका वेळी 24 लाख युनिट, बहुधा दोन्ही कुल्ल्यांवर निम्मं-निम्मं. इंजेक्शन दुखतं. संसर्ग अलीकडचा असेल तर एक मात्रा, जुना किंवा कधीचा ते ठाऊक नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. हे उपचार प्रसूतीच्या किमान महिनाभर आधी पूर्ण व्हायला हवेत. जन्मानंतर बाळाचीही तपासणी लागते.

खरी गोची पुढे आहे. नवऱ्याची तपासणी आणि उपचार झाले नाहीत, तर बरी झालेली बायको त्याच्याकडून पुन्हा बाधित होऊ शकते. बाळंतपणाला ती माहेरी जाते, उपचारांची नोंद सासरी राहते आणि राहिलेली मात्रा राहूनच जाते.

म्हणून रिपोर्ट आधी तिलाच, एकांतात सांगावा. घरच्यांनी जाब विचारू नये. नवऱ्याने त्याच आठवड्यात स्वतःचं रक्त तपासून घ्यावं आणि डॉक्टर सांगतील तोवर दोघांनी संबंध टाळावेत. माहेरी जाताना उपचारांची नोंद असलेलं कार्ड पिशवीत असू द्या. भांडणात गेलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या वाट्याचा असतो.