कांदिवलीच्या मातीतला पाऊस

कांदिवलीला रोज लोकलमधून उतरणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवं: याच परिसरात अश्मयुगातल्या माणसाची दगडी हत्यारं सापडली आहेत. नौदल अधिकारी के. आर. यू. टॉड यांनी १९३९मध्ये त्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. कुठली हातकुऱ्हाड कुठल्या थरात मिळाली, हेही त्यांनी टिपून ठेवलं. माझ्या मते खरं मोल त्या नोंदींचं. चिकणमाती, त्यावर गोटे, पुन्हा माती, पुन्हा गोटे. गोटे वाहून आणायला पाण्याला जोर लागतो. बारीक गाळ संथ पाण्यातच खाली बसतो. थर बदलला, म्हणजे प्रवाह बदलला. आणि त्यामागे बहुधा पाऊसमानही. आता तिथे टॉवर उभे राहताहेत. पायाच्या खड्ड्यात काँक्रीट ओतण्याआधी एखाद्या भूवैज्ञानिकाला तरी आत उतरू द्या!