झाडावर चढताना दोराचे घर्षण साधन कसे निवडावे?

आंबा व फणसाच्या जुन्या, उंच झाडांवरील बांडगूळ काढणे आणि वाळलेल्या फांद्या तोडणे ही कामे बागायतदारांना दरवर्षी करावी लागतात. फळे झेल्याने उतरवता येतात, पण या कामांसाठी झाडावर चढावेच लागते. कमरेला बांधलेला साधा दोर पडताना पोटाला व बरगड्यांना इजा करतो. म्हणून मांड्यांना आधार देणारा बैठकीचा पट्टा, चढाईसाठी बनवलेला दोर आणि घर्षण साधन या तीन वस्तू घ्याव्यात.

घर्षण साधन म्हणजे दोराभोवती मारलेली गाठ किंवा दोरावर बसवलेले धातूचे यंत्र. त्यावर वजन पडले की ते दोर आवळून धरते आणि हाताने सैल केले की सरकते. साधन निवडण्यापूर्वी आपण दोर कोणत्या पद्धतीने वापरणार, हे ठरवावे.

दुहेरी दोर

या पद्धतीत दोर मजबूत बेचक्यातून टाकून त्याचे एक टोक पट्ट्याला बांधतात. दुसऱ्या बाजूच्या दोरावर पट्ट्याला जोडलेले घर्षण साधन बसवतात. वजन दोन्ही दोरांवर विभागले जात असल्याने साधनावर सुमारे निम्माच भार येतो. त्यामुळे येथे ब्लेक किंवा प्रुसिक यांसारखी गाठ पुरते. प्रुसिक गाठ ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केली. एक मीटर वर जाण्यासाठी मात्र दोन मीटर दोर ओढावा लागतो.

एकेरी दोर

येथे दोर स्थिर राहतो व आपण त्यावरून चढतो. पायांच्या जोराचा उपयोग होत असल्याने उंच झाडावर दमणूक कमी होते. परंतु साधनावर संपूर्ण वजन येते. नुसती गाठ इतकी आवळते की उतरताना सैल होत नाही, किंवा एकदम घसरून तापते. म्हणून एकेरी दोरासाठीच बनवलेले यंत्र घ्यावे, किंवा गाठीच्या वर 'रोप रेंच'सारखे जादा घर्षण देणारे साधन बसवावे. ते दोराला बाक देऊन भाराचा काही भाग स्वतःवर घेते.

दोर फांदीवरून नेऊन बुंध्याशी बांधला असेल तर फांदीवर जवळजवळ दुप्पट भार येतो. ७० किलो वजनाच्या माणसामागे तो सुमारे १४० किलो होतो. त्यामुळे फांदी अधिक काळजीपूर्वक निवडावी.

निवडताना लक्षात ठेवा

१. यंत्रावर कोरलेली दोराची जाडी पाहावी. चढाईचे दोर साधारणपणे ११ ते १३ मिलिमीटर जाडीचे असतात. गाठीची दोरी मुख्य दोरापेक्षा थोडी बारीक असावी.

२. पॉलिप्रॉपिलीनचा दोर वापरू नये. तो सुमारे १६५ अंश सेल्सियसला वितळतो, तर पॉलिस्टर सुमारे २५० अंशांपर्यंत टिकतो.

३. इंग्रजी आठच्या आकाराची कडी केवळ उतरण्यासाठी असते. हात सुटला तर ती आपोआप थांबत नाही. म्हणून तिच्याखाली प्रुसिक गाठ जोडावी.

४. नवी गाठ किंवा नवे यंत्र जमिनीपासून हातभर उंचीवर पूर्ण वजन टाकून तपासावे. दोर ओला झाला की त्याची पकड बदलते, तेव्हा पुन्हा तपासावे.

५. घसरताना माणूस भीतीने गाठच मुठीत धरतो. तशी धरल्यास ती आवळत नाही. हात सोडला तरच ती पकडते. याचा सराव खालीच करून घ्यावा.

६. चकाकी आलेली, कडक झालेली किंवा चिरलेली दोरी ताबडतोब बाद करावी. दोराच्या खालच्या टोकाला मोठी गाठ मारावी.

७. कोयता किंवा करवत चालवताना दुसऱ्या स्वतंत्र दोराने खोडाला बांधून घ्यावे. खाली एक जाणकार माणूस ठेवावा.

नारळ व सुपारीच्या झाडांना दोर टाकण्यासाठी बेचके नसते. त्यांच्यासाठी ही पद्धत नसून पायांनी चालवायचे चढाई यंत्र वापरावे.

नव्याने शिकणाऱ्यांनी जाणकाराच्या देखरेखीखाली दुहेरी दोरापासून सुरुवात करावी. साधन महाग की स्वस्त, यापेक्षा ते आपल्या दोराला व पद्धतीला जुळते का, हे पाहूनच गड्याला झाडावर चढू द्यावे.