मोटारसायकलमागे ट्रेलर : आधी वजन, मग सोय

आठवडे बाजार, यात्रा आणि उरूस करणाऱ्या आमच्या पिंजारी, मणियार व कापडविक्रेत्या बांधवांना मोटारसायकलमागे ओढायच्या मुक्कामी ट्रेलरचा मोह पडतो. दिवसा माल, रात्री अंथरूण! पण भांडवल गुंतवण्यापूर्वी हिशेब करावा.

१०० सीसी गाडीचे वजन सुमारे ११० किलो. भरलेला ट्रेलर त्याच्या निम्म्याहून जड नसावा, हा ढोबळ नियम. म्हणजे सांगाडा, माल आणि बिछाना मिळून ५५ किलो. लोखंडी सांगाडाच त्यातला मोठा वाटा खातो. म्हणून अॅल्युमिनियमचा पाहावा. एकलहऱ्याहून मुंबईकडे निघालो की कसारा घाट लागतो. उतारावर जड ट्रेलर गाडीला पुढे ढकलतो. गाडी वळणावर कलली तरी ट्रेलर सरळ राहील, असा फिरता जोड हवा. माल चाकांच्या किंचित पुढे रचावा. मागे दिवे हवेतच.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच आहे. त्याची नोंदणी लागते. म्हणून वेल्डरला बयाणा देण्याआधी नाशिकच्या आरटीओत चौकशी करावी. ५५ किलोत धंदा बसत नसेल, तर जुना तीनचाकी टेम्पो बरा, असे आम्हांस वाटते.