शूर्पकर्णाचे सूप आणि परळचा पाऊस

श्रीगणेशाच्या नामावलीत ‘शूर्पकर्ण’ हे एक अर्थगर्भ नाम आहे. शूर्प म्हणजे सूप. ज्याचे कान सुपासारखे तो शूर्पकर्ण. त्याचे कान मोठे, म्हणून तो सर्वांचे ऐकतो, हा अर्थ सर्वपरिचित आहे. परंतु सूप नुसते साठवीत नाही, पाखडते. फोल उडवून देते आणि धान्य राखते. ऐकावे सर्व, परंतु धरावे सार, हा त्या नामाचा पूर्ण बोध होय.

या बोधाची परळकरांना भाद्रपदात विशेष गरज असते. आपला उत्सव हा वर्षाऋतूतील उत्सव. परळ-लालबागच्या रस्त्यांवर मंडप उभे असतात, त्याच दिवसांत हिंदमाताचा खोलगट चौक पाण्याखाली जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २९ ऑगस्ट २०१७ रोजी, श्रींच्या आगमनाच्या पाचव्या दिवशी, परळ पुन्हा जलमय झाले. केईएम रुग्णालयाच्या तळमजल्यावर पाणी शिरून रुग्णांना हलवावे लागले आणि परळच्या परिसरातच पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलने एक जीव घेतला.

२००५ च्या प्रलयानंतर महानगरपालिकेने शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापके बसविली. अशा मापकात तराजूच्या पारड्यांसारखी दोन चिमुकली पात्रे असतात. ठरावीक पाणी साठताच एक पात्र कलंडून रिते होते, दुसरे त्याच्या जागी येते, आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद तारेने वा ध्वनिलहरींप्रमाणे अदृश्य लहरींनी नियंत्रण कक्षात पोहोचते. विवाहमुहूर्ताचे घटिकापात्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे नवल वाटणार नाही. चोवीस मिनिटांत पात्र भरून बुडते आणि घटिका झाल्याचे आपोआप कळते. तत्त्व तेच.

मात्र मापक अहोरात्र बोलत असते, आणि अखंड बोलणाऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही. म्हणून त्या अखंड प्रवाहातून केव्हा इशारा द्यावा, याची अट संगणकाला आधी घालून द्यावी लागते. ही अट म्हणजेच सूप.

पहिली अट प्रमाण आणि काळ यांची. वेधशाळेच्या परिभाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पाऊस ‘जोरदार’ ठरतो, तर २०४.४ च्या पुढे ‘अतिवृष्टी’. पण सत्तर मिलिमीटर पाऊस दिवसभरात पडला तर परळ तो पचविते. तोच एका तासात कोसळला तर हिंदमाता बुडते. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या मानाने बांधलेल्या. पुढे ५० चे उद्दिष्ट ठेवून त्यांच्या वाढीची योजना झाली. म्हणून अट दिवसाच्या बेरजेवर नव्हे, तर पाव तासाच्या आणि तासाच्या वेगावर बेतावी लागते.

दुसरी अट संयोगाची. पाऊस मोठा, परंतु समुद्राला ओहोटी, तर पाणी निघून जाते. तोच पाऊस भरतीच्या वेळी आला तर वाहिन्यांची मुखे समुद्राखाली गेलेली असतात. पंचांग जाणणाऱ्या वाचकांस अधिक सांगणे न लगे. कोकणात तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढण्याचा ठोकताळा प्रसिद्ध आहे. अनंत चतुर्दशी ही पौर्णिमेची आदली तिथी. म्हणजे विसर्जनाचा मोठा दिवस उधाणाच्या जवळच येतो. ‘पाऊस इतका आणि भरती इतकी’ असा जोड घातला, तरच इशारा खरा.

तिसरी अट स्थैर्याची. सर मर्यादेच्या वर-खाली होत राहिली तर क्षणात इशारा, क्षणात माघार असा पोरखेळ होतो. म्हणून इशारा देण्याची मर्यादा वर आणि मागे घेण्याची बरीच खाली ठेवतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मर्यादा स्थानपरत्वे ठरवावी. कौटिल्याने कोठारासमोर पर्जन्यमापक पात्र ठेवण्यास सांगून जांगल देशास सोळा द्रोण, अवंतीस तेवीस द्रोण असे पावसाचे मान दिले; आमच्या अपरांताचा, म्हणजे कोकणपट्टीचा, पाऊस मात्र त्याने ‘अमित’ म्हटला. उंचावरील वस्तीचे मान हिंदमाताच्या खळग्याला लावणे हा अविचार ठरेल.

अट फार सैल ठेवली तर रोज घंटा वाजते आणि लोक तिला विटतात. फार कडक ठेवली तर घंटा वाजेपर्यंत पाणी गुडघ्यावर चढलेले असते. या दोहोंमधील मार्ग मागील पावसाळ्यांच्या नोंदी तपासूनच सापडतो. यंत्र ही तपासणी करीत नाही. ती माणसानेच करावयाची असते.

आणि इशारा आल्यावर काय? मंडपाचा वीजप्रवाह कोणी बंद करावा, रांगेतील वृद्धांना आणि लेकरांना कोठे न्यावे, पाण्यात कोणास उतरू देऊ नये, हे प्रत्येक मंडळाने आरतीची वेळ ठरविताना एकाच बैठकीत नावानिशी ठरवून टाकावे. ज्या इशाऱ्यापुढे कर्ता नाही, तो अरण्यरुदनच होय.

विघ्नहर्त्याकडे आपण विघ्ननाशाची याचना करतो. त्याने कान दिले आहेत, पाखडण्याचा विवेकही दिला आहे. वेळीच ऐकण्याची आणि ऐकल्याप्रमाणे वागण्याची सुबुद्धी शूर्पकर्णाने सर्वांस द्यावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.