असाध्य रोगी व शेजारधर्म

"आतां आमच्या हातीं कांहीं उरलेलें नाहीं; यांना घरीं घेऊन जा," हें वाक्य ज्या कुटुंबानें कधींच ऐकलें नाहीं असें कुटुंब आपल्या ओळखींत क्वचितच सांपडेल. डॉक्टर हें निर्दयपणानें बोलतात असें नाहीं. रोग हटविणें हें त्यांचें काम, आणि तें यापुढें होण्यासारखें नाहीं, एवढेंच ते सांगत असतात. परंतु ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ निराळा लागतो. करण्यासारखें जगांत आतां कांहींच राहिलें नाहीं, असें त्याला वाटतें. रोगी घरीं येतो. त्याच्या वेदना, त्याच्या जखमा व त्याचें भय हीं सारीं त्याच्याबरोबर घरीं येतात. आणि त्यांचें काय करावयाचें हें घरांतल्या माणसांना कोणींच शिकविलेलें नसतें. वस्तुतः डॉक्टरांचा उपाय जेथें थांबतो तेथें दुसरें एक काम सुरू होतें. तें शिकतां येतें, आणि त्याचा मोठा भाग तुमच्याआमच्यासारख्या सामान्य माणसांनींच करावयाचा असतो.

चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक व रोगी. असाध्य रोग्यावर उपचार करूं जाणाऱ्या वैद्याची धन, विद्या व यश यांची हानि होते, असाही इशारा त्याच ग्रंथांत आहे. परंतु हा इशारा वैद्याला आहे, परिचारकाला नव्हे. परिचारकाच्या अंगीं उपचाराचें ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता हे चार गुण असावेत, असें तेथें म्हटलें आहे. आणि या चार गुणांची गरज रोग असाध्य ठरल्यानें कमी होत नाहीं, उलट वाढते. आपण या सेवेला शुश्रूषा म्हणतों. हा शब्द 'श्रु' धातूच्या इच्छार्थक रूपापासून झालेला असून 'ऐकण्याची इच्छा' हा त्याचा मूळ अर्थ होय. रोग्यापाशीं बसणारानें प्रथम काय करावें, हें त्या एका शब्दांतच सांगितलेलें आहे.

अर्वाचीन काळीं या सेवेला शास्त्रशुद्ध रूप दिलें तें इंग्लंडांतील सिसिली साँडर्स या बाईंनीं. १९१८ सालीं जन्मलेल्या या बाई प्रथम परिचारिका झाल्या, मग रुग्णालयांत रोग्यांच्या घरगुती अडचणी पाहण्याच्या कामावर राहिल्या, आणि पुढें वैद्यकाचा अभ्यास करून १९५७ सालीं डॉक्टर झाल्या. १९४७-४८ सालीं डेव्हिड तास्मा नांवाचा एक पोलिश ज्यू रोगी त्यांच्या ओळखीचा झाला. परक्या देशांत एकाकी मरणाऱ्या त्या गृहस्थानें, त्या जें घर पुढेंमागें उभारतील त्याच्या एका खिडकीसाठीं म्हणून पांचशें पौंड त्यांच्या नांवें ठेवले. त्या खिडकीभोवतीं घर उभें राहावयास एकोणीस वर्षें लागलीं. १९६७ सालीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झालें, आणि २००५ सालीं साँडर्सबाईंनीं देह ठेवला तोही तेथेंच. 'हॉस्पिस' या शब्दाचा जुना अर्थ वाटसरूंची धर्मशाला असा आहे, तेव्हां आपल्या वाचकांना ही कल्पना परकी वाटूं नये.

साँडर्सबाईंनीं दोन गोष्टी पटवून दिल्या. पहिली अशी कीं, मरणाऱ्याची वेदना एकटी शरीराची नसते. मनाची, कुटुंबाची, पैशाची आणि 'माझ्या जगण्याचा अर्थ काय' या प्रश्नाची वेदना तींत मिसळलेली असते. दुसरी अशी कीं, शरीराच्या तीव्र वेदनेवर औषध द्यावयाचें तें रोगी कण्हूं लागल्यावर नव्हे, तर वेदना उठण्यापूर्वींच, घड्याळाकडे पाहून, नियमित द्यावयाचें. पोटांत घेण्याचें साधें मॉर्फीन अशा रीतीनें सामान्यतः दर चार तासांनीं देतात. आपल्याकडे मात्र १९८५ सालच्या अमली पदार्थांच्या कायद्यानें हें औषध इतकें जखडलें गेलें कीं, तें रोग्याच्या हातीं पडणें दुर्घट झालें. २०१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन ही अडचण पुष्कळशी सैल झाली. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं घेतलेलें मॉर्फीन म्हणजे व्यसन, ही समजूत अद्याप अनेक सुशिक्षित घरांतून आहे; ती जावयास पाहिजे.

हिंदुस्थानांतील पहिलें असें घर मुंबईंत वांद्र्यास १९८६ सालीं निघालें. शांति आवेदना सदन हें त्याचें नांव. कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. डिसोझा त्याचे संस्थापक. गोव्यांत लोटली येथें व दिल्लींतही त्याच्या शाखा झाल्या. पुण्यास वारजे येथें सिप्ला कंपनीच्या विश्वस्त निधीचें केंद्र १९९७ पासून हेंच काम करीत आलें आहे. परंतु अशीं घरें कितीही बांधलीं तरी तीं थोडींच पडणार, आणि बहुतेक रोग्यांना शेवटचे दिवस स्वतःच्या घरांत काढावयाचे असतात. यावरचा उपाय केरळानें शोधला. १९९३ सालीं कालिकतच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार व त्यांचे सहकारी यांनीं वेदनाशमनाची संस्था काढली. दवाखान्यांत येऊं न शकणारे रोगीच अधिक आहेत असें दिसून आल्यावर, शतकाच्या अखेरीस मलप्पुरम व आसपासच्या जिल्ह्यांत गांवोगांवच्या शेजाऱ्यांनाच या कामांत ओढण्यांत आलें. आठवड्यांतून निदान दोन तास देणाऱ्या कोणाही माणसाला शिकवून तयार करावयाचें, परिचारिकेबरोबर त्यानें घरोघर जावयाचें, आणि खर्च मुख्यतः गांवच्या लहान लहान देणग्यांतून भागवावयाचा, अशी ही रचना आहे. २००८ सालीं केरळ सरकारनें या सेवेचें स्वतंत्र धोरणच जाहीर केलें.

असा स्वयंसेवक करतो तरी काय? औषध ठरविणें हें त्याचें काम नव्हे. तो रोग्याची कूस दर दोन तासांनीं कशी बदलावी, कोरडें पडलेलें तोंड ओल्या कापसानें कसें पुसावें, पाठीला जखम होऊं नये म्हणून काय करावें, हें घरच्यांना दाखवितो. दिवसरात्र जागणाऱ्या सुनेला अगर म्हाताऱ्या पत्नीला दोन तास झोंप मिळावी म्हणून तो बिछान्याशेजारीं बसतो. घरांत धान्य नसेल, मुलाची शाळेची फी थकली असेल, तर तें हलक्या आवाजांत योग्य ठिकाणीं पोंचवितो. आणि ऐकतो. आपल्या घरांतून रोगाचें नांव रोग्यापासून लपविण्याची चाल आहे. बहुधा रोग्याला तें ठाऊक असतें, आणि आपल्याला ठाऊक आहे हें तो घरच्यांपासून लपवितो; अशा रीतीनें परस्परांवर जीव टाकणारीं माणसें शेवटचे आठवडे एकमेकांपासून दूर काढतात. स्वयंसेवकानें पुढें होऊन सत्य सांगत सुटूं नये, पण खोटा दिलासाही देऊं नये. "मी यांतून उठेन का?" असें रोग्यानें विचारलें, तर "आपल्याला काय वाटतें?" असा उलट प्रश्न करून उत्तराची वाट पाहावी. पुष्कळदां त्या उत्तरांत मृत्यूविषयीं कांहीं नसतें. धाकट्या भावाची भेट, अर्धवट राहिलेला व्यवहार, कोणाची तरी मागावयाची क्षमा, हेंच त्यांत असतें.

रोगी गेल्यावर हें काम संपत नाहीं. पहिले तेरा दिवस आपला समाज शोकग्रस्ताला एकटें टाकीत नाहीं, हें आपल्या चालीरीतींचें मोठें शहाणपण आहे. शेजारी पिठलें-भात पाठवितात, आप्त गोळा होतात, माणसें समाचाराला येतात. पण तेराव्याचें गोडजेवण झालें कीं, दूरदेशचीं मुलें विमानांत बसतात, आणि चौदाव्या दिवसापासून त्या घराची घंटा वाजेनाशी होते. खरी पोकळी तेव्हां जाणवूं लागते. इंग्लंडांत १९५९ सालीं 'क्रूज' ही संस्था प्रथम विधवांसाठीं निघाली ती या गरजेंतूनच. पुढें तिनें सर्वच शोकग्रस्तांना आपलें म्हटलें. शोकाच्या ठराविक पायऱ्या असतात व त्या क्रमानें चढल्या कीं माणूस मोकळा होतो, असा एक समज पसरला आहे. १९६९ सालीं एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनीं ज्या पायऱ्या सांगितल्या त्या मुळांत मरणाऱ्याच्या मनाच्या होत्या, आणि शोक अशा शिस्तीनें चालतही नाहीं. बरा दिवस जातो आणि एखाद्या जुन्या चष्म्याच्या घरानें सारें पुन्हां उसळून येतें.

म्हणून समाचाराला जाणारानें 'सुटले बिचारे', 'आतां मुलांकडे पाहून सावरा' असलीं वाक्यें घरींच ठेवून जावें. गेलेल्या माणसाचें नांव घ्यावें, त्याच्याविषयीं विचारावें, अश्रु आले तर येऊं द्यावे. 'कांहीं लागलें तर सांगा' असें म्हणूं नये, कारण कोणी सांगत नाहीं. 'मंगळवारीं अकरा वाजतां येतों, बँकेंत व पेन्शनच्या कचेरींत बरोबर जाऊं' असें म्हणावें आणि जावें. ज्या वृद्धाला चहाचा डबा कोठें असतो हें पत्नीच्या मागें प्रथमच कळलें, त्याला चार पदार्थ शिकवावेत. महिने लोटले तरी ज्याचें अन्न, झोंप व व्यवहार रुळावर येत नाहीं, त्याला डॉक्टरांकडे न्यावें. तेथें शब्द पुरे पडत नाहींत.

आणि एका गोष्टीचा उच्चार स्पष्ट केला पाहिजे. पतीच्या मागें जी बाई उरते तिला आपण दुःखाखेरीज अपमानही देतों. कालपर्यंत जिच्या हातचें हळदीकुंकू घेतलें, तिला पुढल्या संक्रांतीस वगळतों. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवच्या ग्रामपंचायतीनें २०२२ सालीं ठराव करून बांगड्या फोडणें, कुंकू पुसणें, मंगळसूत्र काढणें या चाली बंद केल्या. एका खेड्यानें जें ठरावानें केलें तें शिकल्यासवरल्या कुटुंबांनीं नुसत्या एका आमंत्रणानें करावें. त्याला ठरावही नको.

आपल्या वाड्यांच्या जागीं इमारती झाल्या, मुलें दूर गेलीं, आणि सत्तरीची पत्नी पंचाहत्तरीच्या पतीची शुश्रूषा करते आहे असें चित्र प्रत्येक पेठेंत दिसूं लागलें. त्याच पेठांत नोकरींतून निवृत्त झालेलीं, धडधाकट, सकाळचें फिरणें व वर्तमानपत्र झाल्यावर दिवस कसा घालवावा या विवंचनेंत असणारीं माणसेंही शेंकड्यांनीं आहेत. या दोहोंची गांठ पडावी एवढाच प्रश्न आहे. आठ-दहा माणसांनीं एकत्र यावें, जवळच्या केंद्रांत रीतसर शिक्षण घ्यावें, एका डॉक्टरांचें व एका परिचारिकेचें साहाय्य मिळवावें, आणि आपल्या आळींतील एकाच घरापासून आरंभ करावा. तेथें मृत्यु टळणार नाहीं. परंतु त्या घरांतल्या माणसांना त्याच्यासमोर एकटें उभें राहावें लागणार नाहीं, आणि आठवड्याचे दोन तास याहून चांगल्या कामीं लागतील असें मला वाटत नाहीं.